न दिसल्याची साक्ष

कान आणि डोळा यांत चार बोटांचें अंतर असतें, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. ऐकीव गोष्टीवर विसंबूं नये, स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर विसंबावें, हा त्या म्हणीचा इत्यर्थ. व्यवहारांत ही शिकवण बहुधा उपयोगी पडते. न्यायालयापासून चहाच्या दुकानापर्यंत सर्वत्र 'मीं स्वतः पाहिलें' या तीन शब्दांपुढें वाद थांबतो. परंतु या विधानाला एक जुळें भावंड आहे, आणि त्याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. 'मीं पाहिलें, आणि तेथें कांहीं नव्हतें,' हें तें भावंड. पहिलें विधान असण्याची साक्ष देतें, दुसरें नसण्याची. या दुसऱ्या साक्षीची किंमत किती, आणि ती खोटी ठरली तर साक्ष देणाराकडे दोष किती जातो, हा प्रश्न मीं आजवर तर्कशास्त्राच्या तासापुरताच वापरला. गेल्या वर्षीं तो माझ्या घरांत शिरला. म्हणून त्याची थोडी सविस्तर चर्चा येथें करण्याचें योजिलें आहे.

माझें वय पंचावन्न. जन्म भिवंडींतला, वास्तव्य भिवंडींतच, आणि धंदा महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकविण्याचा. गेल्या पावसाळ्यांत चष्म्याचा नंबर बदलला असावा अशा समजुतीनें मी मुंबईस एका नेत्रवैद्याकडे गेलों. अक्षरांचा तक्ता मीं शेवटच्या ओळीपर्यंत बिनचूक वाचला. तरीहि डॉक्टरांनीं औषध घालून बाहुली विस्फारली, डोळ्याच्या आंत बराच वेळ पाहिलें, आणि दुसऱ्या दिवशीं मला दृष्टिक्षेत्र मोजणाऱ्या एका यंत्रापुढें बसविलें. एका पांढऱ्या अर्धगोलापुढें हनुवटी टेकून बसावयाचें, मधल्या खुणेवर नजर स्थिर ठेवावयाची, आणि कडेला कोठेंहि प्रकाशाचा ठिपका चमकला कीं हातांतली कळ दाबावयाची, एवढेंच काम. मीं तें परीक्षार्थ्याच्या दक्षतेनें केलें. मधून मधून बराच वेळ ठिपका उमटतच नव्हता; तेव्हां यंत्र विसांवा घेत असेल असें मला वाटलें. परीक्षा उत्तम दिल्याच्या समाधानानें मी उठलों. हातीं आलेल्या कागदावर उजव्या डोळ्याच्या क्षेत्रांत कमानीसारखा एक काळा पट्टा होता, आणि डाव्याच्या क्षेत्रांत त्याहून लहान असा दुसरा. 'यंत्र बिघडलं असावं,' असें मी म्हणालों. दुसऱ्या दिवशीं पुन्हां परीक्षा झाली. पट्टे त्याच जागीं आले. ज्याला मी यंत्राचा विसांवा समजत होतों, त्या वेळांत ठिपके चमकतच होते. मला काचबिंदु झालेला होता, आणि तो कित्येक वर्षांपासून असला पाहिजे, असें डॉक्टरांनीं सांगितलें.

काचबिंदु हा शब्द मोतीबिंदूच्या जोडीनें उच्चारला जात असल्यामुळें दोन्ही एकाच जातीचे विकार असावेत अशी समजूत आढळते. ती बरोबर नाहीं. मोतीबिंदूंत डोळ्यांतील भिंग गढूळ होतें. तें काढून त्या जागीं कृत्रिम भिंग बसविलें कीं गेलेली दृष्टि बहुधा परत येते. काचबिंदूंत भिंग अगदीं स्वच्छ असूं शकतें. मरतात त्या डोळ्याच्या मागच्या पडद्यांतील, म्हणजे दृष्टिपटलांतील, मज्जापेशी. पटलावर पडलेल्या प्रकाशाचा संदेश मेंदूकडे पोंचविणें हें या पेशींचें काम. प्रत्येक पेशीचा एक लांब तंतु निघतो. असे सुमारें दहा ते बारा लाख तंतु एकत्र येऊन डोळ्याच्या पाठीमागून मेंदूकडे जाणारी दृष्टिमज्जा बनते. डोळ्याच्या पुढल्या भागांत एक पातळ द्रव सतत स्रवत असतो आणि एका बारीक जाळीवाटे बाहेर पडत असतो. ही वाट अडली कीं आंतला दाब वाढतो. निरोगी डोळ्यांत हा दाब साधारणपणें पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांइतका असतो. तो वाढला, किंवा एखाद्याच्या डोळ्याला हा नेहमींचा दाबहि सोसवेनासा झाला, म्हणजे तंतु जेथून डोळ्याबाहेर पडतात त्या चाळणीसारख्या जागीं ते चेपले जातात, त्यांच्यांतून चालणारी पोषक द्रव्यांची ने-आण मंदावते, आणि कालांतरानें मूळ पेशीच मरते. मेलेली पेशी पुन्हां उगवत नाहीं, आणि तिच्या जागीं बसवावयास दुसरी मिळत नाहीं.

या पेशींची गळती निरोगी माणसालाहि चुकलेली नाहीं. साध्या वार्धक्यांतहि प्रत्येक डोळ्यांतून दरवर्षीं कांहीं हजार पेशी नाहींशा होतात. शिवाय बाहुली लहान होते, भिंगाला पिवळसर झांक येते, आणि साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीच्या माणसाच्या मानानें अदमासें तिसरा हिस्सा उजेड पोंचतो. वार्धक्य व काचबिंदु यांत भेद आहे तो गळतीच्या वेगाचा आणि तिच्या रचनेचा: वार्धक्याची गळती सर्वत्र थोडी थोडी होते, काचबिंदूची ठराविक पट्ट्यांत होते. परंतु दोहोंत एक साम्य आहे, आणि तेंच आपल्या विषयाला महत्त्वाचें आहे. दोन्ही गळती मुकाट्यानें चालतात. दृष्टिक्षेत्र मोजणाऱ्या यंत्राला पहिली खात्रीची खूण सांपडण्यापूर्वींच एकंदर पेशींपैकीं चौथा ते तिसरा हिस्सा नाहींसा झालेला असतो, असें २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आढळलें. म्हणजे यंत्राचीहि नजर उशिरां पोंचते. मग धन्याची कोठून पोंचणार? सुश्रुतसंहितेंत डोळ्याचे ७६ रोग सांगितले आहेत, आणि त्यांतील 'अधिमंथ' हा असह्य वेदनेचा रोग म्हणजे काचबिंदूचा तीव्र प्रकार होय, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. जो प्रकार दुखतो त्याची नोंद होणें स्वाभाविक आहे. जो दुखत नाहीं, त्याची नोंद रोगी करील तरी कशी?

येथें वाचक म्हणेल, दुखत नसेल. परंतु दृष्टीला भोंक पडलें तर तें दिसणार नाहीं काय? तें दिसत नाहीं, आणि याचा पुरावा प्रत्येकाच्या स्वतःच्या डोळ्यांत जन्मापासून आहे. पांढऱ्या कागदावर चार बोटांच्या अंतरानें शाईचे दोन लहान ठिपके काढावे. डावा डोळा मिटावा, उजव्या डोळ्यानें डाव्या ठिपक्याकडे पाहावें, आणि कागद वीतभर अंतरावरून हळू हळू दूर न्यावा. हातभर जाण्याच्या आधींच एका ठिकाणीं उजवा ठिपका नाहींसा होतो. दृष्टिमज्जा जेथून डोळ्याबाहेर पडते तेथें प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहींत. एदम मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञानें ही गोष्ट १६६८ सालीं प्रसिद्ध केली. ठिपका नाहींसा होतो यापेक्षां त्या जागीं जें दिसतें तें अधिक विचार करण्यासारखें आहे. तेथें काळोख दिसत नाहीं, भोंक दिसत नाहीं. अखंड पांढरा कागद दिसतो. आजूबाजूला जें आहे तेंच मधल्या रिकाम्या जागेंतहि असणार असें मेंदु धरून चालतो, आणि आपणांस तसें धरल्याचें कळूं देत नाहीं. कान आणि डोळा यांच्यामधील चार बोटांचें अंतर आपण अभिमानानें मोजीत आलों. या दुसऱ्या चार बोटांचा हिशेब मात्र कोणत्याहि म्हणींत नाहीं.

काचबिंदूंतहि हेंच घडतें. एका डोळ्यांतील उणीव दुसरा डोळा झांकतो; दोघांनाहि जें दिसत नाहीं तें मेंदु भरून काढतो. चित्रांत काचबिंदूच्या रुग्णाची दृष्टि काळ्या बोगद्यांतून पाहिल्यासारखी दाखविण्याची प्रथा आहे. लंडनमधील संशोधकांनीं ५० रुग्णांपुढें निरनिराळीं चित्रें ठेवून 'तुम्हांस जग यांपैकीं कोणत्या चित्रासारखें दिसतें?' असें विचारलें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें काळ्या बोगद्याचें किंवा काळ्या डागांचें चित्र एकानेंहि निवडलें नाहीं. निम्म्याहून अधिक लोकांनीं कांहीं भाग अस्पष्ट असलेलें चित्र निवडलें, कांहींनीं वस्तूच गळालेलें चित्र निवडलें, आणि सुमारें चौथ्या हिश्श्याला आपल्या दृष्टींत कांहीं फरक पडल्याची जाणीवच नव्हती. गळालेल्या वस्तूचें चित्र म्हणजे काय? रस्त्यावर उभें असलेलें मूल तेथें नाहीं, आणि त्या जागीं रस्ताच आहे, असें चित्र.

भिवंडींत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट मागाच्या भाषेंत लवकर समजते. कापडांत उभे धागे ताण्याचे आणि आडवे बाण्याचे. साध्या यंत्रमागावर बाण्याचा धागा तुटला कीं एका लहानशा योजनेनें माग आपोआप थांबतो. ताण्याचें तसें नाहीं. हजारों उभ्या धाग्यांपैकीं एखादा तुटला तर साध्या मागाला त्याचा पत्ता लागत नाहीं. धोटा पूर्ववत् धांवत राहतो, कापड विणलें जातें, आणि तुटलेल्या धाग्याच्या जागीं एक बारीक उभी रेघ लांबत जाते. ती रेघ ओळखून माग थांबविणें आणि धागा पुन्हां ओवून जोडणें हें मागावरील माणसाचें काम. आपली दृष्टि हाहि असाच एक न थांबणारा माग आहे. भेद एवढाच कीं, येथें विणणाराला रेघहि दिसत नाहीं. जेथें धागा नाहीं तेथें शेजारच्या धाग्यांचा रंग पसरतो, आणि कापड निर्दोष असल्याची ग्वाही विणणारा पूर्ण प्रामाणिकपणें देतो.

माझे वडील अशा मागांवर तीस वर्षें राबले. रात्रपाळी करून त्यांनीं मला महाविद्यालयांत घातलें. मी पदवीच्या वर्गांत होतों त्या सुमारास त्यांच्या कापडांत दोष निघूं लागले. ताग्यांत रेघ सांपडली कीं मालक मजुरी कापी. वडील शपथेवर सांगत, 'मी बघत होतो. धागा तुटला नव्हता.' मालकाला हें निर्ढावलेलें खोटें वाटे; सोबत्यांना तो चेष्टेचा विषय झाला. मीं नुकतेंच तर्कशास्त्राचें पुस्तक हातीं घेतलें होतें. एका रात्रीं ते मजुरी कापली गेल्याचें सांगत असतां मी त्यांना म्हणालों, 'कापडावर रेघ आहे, म्हणजे धागा तुटला होता. तुमचं लक्ष नव्हतं एवढं कबूल करायला काय हरकत आहे, बाबा?' ते थोडा वेळ गप्प बसले, आणि एवढेंच म्हणाले, 'लक्ष होतं रे.' पुढें दोन वर्षांनीं त्यांनीं काम सोडलें. घरांत त्यांना उंबऱ्याची ठेंच लागे, अर्धवट उघड्या खिडकीच्या कडेवर त्यांचें डोकें आपटे. आम्ही तो म्हातारपणाचा धांदरटपणा समजत असूं. त्यांच्या डोळ्यांची तपासणी कोणी केली नाहीं, आणि आतां ती होणें नाहीं. तेव्हां त्यांना माझाच रोग होता असें मी सिद्ध करूं शकत नाहीं. परंतु काचबिंदु रक्ताच्या नात्यांत पुष्कळदां उतरतो. आईबाप किंवा सख्खें भावंड यांपैकीं कोणास तो असेल तर माणसाचा धोका कित्येक पटींनीं वाढतो. 'यंत्र बिघडलं असावं' हे माझे शब्द आणि 'धागा तुटला नव्हता' हे त्यांचे शब्द, यांत मला आतां कांहीं अंतर दिसत नाहीं.

त्या रात्रींचा माझा तर्क कोठें चुकला हें आपल्या दार्शनिकांच्या भाषेंत नेमकें सांगतां येतें. 'या भूमीवर घट नाहीं' हें ज्ञान आपणांस कशानें होतें, याची त्यांनीं फार बारकाईनें चर्चा केली आहे. कुमारिलभट्टाच्या मताचे मीमांसक आणि अद्वैतवेदान्ती यांनीं त्यासाठीं अनुपलब्धि, म्हणजे न आढळणें, हें स्वतंत्र प्रमाण मानलें. नैयायिकांस तें स्वतंत्र मानण्याची आवश्यकता वाटली नाहीं. परंतु नुसतें न आढळणें पुरेसें नाहीं, तें योग्य असलें पाहिजे, याविषयीं सामान्यतः एकमत आहे. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं म्हणून घट नाहीं असें ठरत नाहीं. 'असता तर दिसलाच असता' असें म्हणतां येण्याजोगी स्थिति असेल तरच न दिसणें हा नसण्याचा पुरावा होतो. माझ्या वडिलांची साक्ष या कसोटीस उतरत नव्हती. मात्र ती उतरत नाहीं हें त्यांना कळण्याचा मार्ग कोणता? खोलींतला अंधार डोळ्यांना कळतो, कारण तो डोळ्यांच्या बाहेर आहे. डोळ्याची स्वतःची अपात्रता डोळ्याला कळत नाहीं. ती ओळखावयाची तर त्याच डोळ्यानें ओळखावी लागेल. मीं 'रेघ आहे, म्हणजे धागा तुटला होता' इतकें बरोबर अनुमान केलें, आणि तेथून 'म्हणजे लक्ष नव्हतें' या निष्कर्षावर उडी मारली. मधली तिसरी शक्यता, लक्ष पूर्ण असूनहि न दिसण्याची, माझ्या पुस्तकांत नव्हती.

आतां खरा नैतिक प्रश्न. जें आपणांस दिसत नाहीं, आणि दिसत नाहीं हेंहि ज्याविषयीं आपणांस कळत नाहीं, त्याबद्दल आपण कितपत जबाबदार आहों? विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें १८७७ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत एका जहाजमालकाचें उदाहरण घेतलें आहे. जहाज जुनें झालें आहे, तें प्रवासास योग्य आहे कीं नाहीं अशी शंका मालकाच्या मनांत येते. पण तपासणीचा खर्च नको म्हणून तो मनाची समजूत घालतो, आणि जहाज सुरक्षित आहे अशी त्याची प्रामाणिक खात्री होते. जहाज बुडतें. क्लिफर्डच्या मतें मालकाची खात्री प्रामाणिक असली तरी तो दोषी आहे, कारण तशी खात्री बाळगण्याचा त्याला अधिकार नव्हता. जहाज सुखरूप परतलें असतें तरीहि दोष तोच. हा निकाल मला मान्य आहे. परंतु आपल्या प्रश्नावर तो जसाच्या तसा लागू होत नाहीं. जहाजमालकाला शंका आली होती, आणि ती त्यानें दडपली. काचबिंदूच्या रुग्णाला शंकाच येत नाहीं. जी आली नाहीं ती शंका दडपल्याचा आरोप त्याच्यावर कसा ठेवावा?

यावर दोन टोकांचीं उत्तरें संभवतात. एक असें कीं, न कळलेल्या गोष्टीबद्दल कोणीच दोषी नाहीं. हें उत्तर दयाळू वाटतें, परंतु त्यानें आंधळेपणाला कायमचें अभयपत्र मिळतें. जो जितका कमी पाहील तितका तो अधिक निर्दोष ठरेल. दुसरें असें कीं, प्रत्येक पाहण्यावर माणसानें संशय घ्यावा. हें उत्तर कडक आहे, पण त्याप्रमाणें एक दिवसहि जगतां येणार नाहीं. विणकर प्रत्येक धाग्यासाठीं माग थांबवूं लागला तर कापडच होणार नाहीं.

मला वाटतें, उत्तर या दोहोंच्या मध्यें आहे. स्वतःच्या डोळ्याविषयीं विशेष शंका येणें शक्य नसलें तरी डोळ्यांविषयीं सामान्य ज्ञान होणें शक्य आहे. चाळिशीनंतर कोणाच्याहि डोळ्यांत अशी गळती सुरू होऊं शकते, ती जाणवत नाहीं, आणि ती ओळखण्याचें साधन दुसऱ्याच्या हातीं आहे, एवढें ज्याला ठाऊक झालें, त्याला शंकेची वाट पाहण्याचा अधिकार उरला नाहीं. त्याचें कर्तव्य गरज भासण्याच्या आधींच सुरू होतें. जो विणकर प्रत्येक धाग्याला माग थांबवीत नाहीं, तोहि ठराविक वेळानें मागाभोंवतीं फेरी घालतोच. या मोजमापानें पाहिलें तर वडील निर्दोष ठरतात, कारण हें ज्ञान त्यांच्यापर्यंत कोणीं पोंचविलेंच नव्हतें. मी तितका निर्दोष ठरत नाहीं. काचबिंदूविषयीं मीं अनेकदां वाचलें होतें. केवळ तक्ता वाचतां येतो एवढ्यावर विसंबून दहा वर्षें मीं दुसऱ्या कोणास डोळ्याच्या आंत पाहूं दिलें नाहीं. काचबिंदूंत मधली दृष्टि बहुधा शेवटीं जाते. म्हणून तक्ता अखेरपर्यंत वाचतां येतो, आणि तोच आपल्याला अखेरपर्यंत फसवितो.

दुसऱ्याच्या साक्षीला शरण जाणें यांत कमीपणा नाहीं, हें या रोगाच्या इतिहासांतच दिसून येतें. हर्मन हेल्महोल्ट्सनें १८५१ सालीं जिवंत डोळ्याच्या आंत पाहण्याचें साधन प्रसिद्ध केलें. आल्ब्रेख्त फोन ग्रेफ या थोर जर्मन नेत्रवैद्यानें त्यांतून काचबिंदूच्या रुग्णाच्या दृष्टिमज्जेचें टोक पाहिलें, आणि तें पुढें फुगलेलें आहे असें लिहिलें. वस्तुतः तें वाटीसारखें खोल गेलेलें असतें. डोळ्याच्या रोगांतील त्या काळचा सर्वांत तज्ज्ञ डोळा उलट पाहत होता. इतरांच्या निरीक्षणांवरून चूक ध्यानांत येतांच थोड्याच काळांत त्यानें ती सुधारली, आणि त्याच ग्रेफनें १८५७ सालीं काचबिंदूच्या तीव्र प्रकारावर शस्त्रक्रियेचा पहिला परिणामकारक उपाय प्रसिद्ध केला. पहिल्यांदा पाहिलेलें त्यानें हट्टानें धरून ठेवलें असतें, तर त्याच्या प्रामाणिकपणाला कोणी नांवें ठेवलीं नसतीं; रोग्यांचें मात्र नुकसान झालें असतें.

परंतु हें कर्तव्य एकट्या व्यक्तीवर टाकून समाजाला हात झटकतां येणार नाहींत. दक्षिण भारतांत या शतकाच्या आरंभीं झालेल्या मोठ्या पाहण्यांत काचबिंदु आढळलेल्यांपैकीं दहांत नऊंहून अधिक लोकांना तो आपणांस आहे हें आधीं ठाऊक नव्हतें. भारतांत चाळिशीपुढील सुमारें १ कोटी १२ लाख लोकांना हा विकार असावा, असा अंदाज २०१० सालीं प्रसिद्ध झाला. आपल्या महाराष्ट्रांत नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळांत अशीच एक मोठी पाहणी झाली, आणि तींत ४,७०० हून अधिक माणसांचे डोळे तपासण्यांत आले. तक्रार नसलेल्या माणसाकडे तपासणी चालत गेली, हें अशा कामाचें खरें महत्त्व. कारण कांहीं दुखत नसतांना तपासून घेणें ही मागावरच्या मजुराला परवडणारी गोष्ट नव्हे. ज्याची मजुरी मीटरावर मोजली जाते त्यानें न जाणवणाऱ्या रोगासाठीं एक दिवसाची कमाई सोडून मुंबईस जावें, असा उपदेश पगारी प्राध्यापकानें करणें सोपें आहे. ज्ञान पोंचविणें आणि तपासणी दारापाशीं नेणें हें ज्यांना दिसतें त्यांचें कर्तव्य आहे.

याहून एक कर्तव्य मला अधिक निकडीचें वाटतें, आणि त्याला यंत्र किंवा पैसा लागत नाहीं. दुसऱ्याच्या न दिसण्याला आपण ताबडतोब खोटेपणा, आळस किंवा हट्ट ठरवूं नये. 'मी पाहिलं, तिथं कांहीं नव्हतं,' असें कोणी म्हणाला, आणि आपणांस तेथें कांहीं तरी स्पष्ट दिसत असलें, तर आपल्यापुढें दोन प्रश्न असतात: वस्तु आहे काय, आणि हा माणूस खोटें बोलतो काय? पहिल्याचें उत्तर 'होय' आलें म्हणून दुसऱ्याचें 'होय' येत नाहीं. माझ्या वडिलांच्या मालकानें, सोबत्यांनीं आणि मीं हे दोन प्रश्न एक केले. मालकाचा त्यांत फायदा होता. माझा कांहींच नव्हता. सर्वांत अधिक जाणणारा मी होतों, आणि सर्वांत कमी दिसलें तेंहि मलाच. आपला बाप आपल्यासमोर खरें बोलत बसला आहे, एवढी एक गोष्ट माझ्या दृष्टिक्षेत्रांतून गळाली होती, आणि त्या जागीं मला एक हट्टी म्हातारा अगदीं स्पष्ट दिसत होता.

हल्लीं मी रोज रात्रीं डोळ्यांत औषधाचा एक थेंब घालतों. त्यानें गेलेलें परत येत नाहीं. दाब उतरतो आणि पुढची गळती मंदावते, एवढीच अपेक्षा. ज्यांचा दाब वाढलेला आहे पण दृष्टि शाबूत आहे अशा सोळाशेंहून अधिक लोकांवर अमेरिकेंत एक दीर्घ प्रयोग झाला. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षाप्रमाणें पांच वर्षांत, औषध न घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ९.५ जणांना काचबिंदूनें गांठलें, घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ४.४ जणांना. थेंब घातल्यानें मला बरें वाटत नाहीं, न घातल्यानें वाईट वाटलें नसतें. माझ्या स्वतःच्या अनुभवांत या औषधाच्या बाजूनें एकहि पुरावा नाहीं. दुसऱ्यांनीं माझ्या डोळ्यांत जें पाहिलें त्यावर विश्वास ठेवून मी तो घालतों.

माझा धाकटा भाऊ पन्नाशीला आला आहे. त्याचे स्वतःचे सहा माग आहेत, आणि तो रात्रीं स्वतः टेंपो घेऊन कल्याणपर्यंत जातो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मीं त्याला तपासणीस चलण्याचा आग्रह केला. 'मला तर सगळं नीट दिसतंय, दादा,' तो म्हणाला. मी म्हणालों, 'मलाही नीटच दिसत होतं.' नंतर मीं बाबांच्या कापडांतल्या रेघांची गोष्ट काढली. ती त्यालाहि आठवत होती. ते खोटें बोलत असावेत असें त्यालाहि तेव्हां वाटलें होतें. बराच वेळ आम्ही दोघे कांहीं बोललों नाहीं. मग त्यानें विचारलें, 'कधी जायचं?' येत्या सोमवारीं आम्ही मुंबईस जात आहों.